एका बाटलीने नाला कळत नाही

वाचकहो, गेल्या काही आठवड्यांत खाणपट्ट्यातील गावांतून या सदराकडे तीन-चार पत्रे आली. सर्वांची विचारणा जवळजवळ सारखीच आहे. खाणीचे पाणी आमच्या नाल्यात येते, ते गुरांना आणि माणसांना बाधते काय? ते तपासायचे कसे? एका वाचकाने तर औषधाच्या रिकाम्या बाटलीत पाणी भरून थेट माझ्या दवाखान्यात पाठवून दिले. त्या बाटलीवर गावाचे नाव नव्हते, तारीखही नव्हती. मी ती टेबलावर ठेवली आणि मला माझीच जुनी चूक आठवली. उत्तर देण्यापूर्वी ती सांगणे योग्य होईल.

माझी चूक

गोष्ट २०१६ सालची. वणी तालुक्यातील नाल्याकाठचे एक गाव. नाव सांगत नाही, कारण हीच कथा वर्धा नदीच्या दोन्ही तीरांवरील, इकडे वणीच्या आणि पलीकडे घुग्घुस-चंद्रपूरच्या, कोणत्याही गावाची असू शकते. गावाच्या वर कोळशाची खुली खाण. खाणीत साचणारे पाणी पंपाने उपसून एका मोठ्या टाक्यात सोडायचे, तेथे गाळ बसला की वरचे निवळ पाणी नाल्यात जायचे, अशी व्यवस्था. गावकरी उन्हाळ्यात नाल्याच्या वाळूत झिरा खोदून पाणी भरत.

ऑगस्ट महिन्यात सरपंचांनी नाल्याचे एक बाटली पाणी आणून दिले. मी ते प्रयोगशाळेत पाठविले. सर्व क्षार मर्यादेत असल्याचा अहवाल आला. मी ग्रामपंचायतीत जाऊन सर्वांसमक्ष सांगितले, ‘पाण्यात क्षारांचा दोष नाही. उकळून प्या, म्हणजे झाले.’ तेव्हा मागे बसलेले एक वृद्ध शेतकरी उठून म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, पाणी तं चांगलं आलं म्हणता, मंग उन्हाळ्यात ढोरं काऊन तोंड लावत नाही?’ लोक हसले. मीही हसलो. कागद माझ्या बाजूने होता.

पुढच्या मार्च महिन्यात त्याच गावातील एक नवी सून दवाखान्यात आली. लग्नाला तीन महिने झाले होते. पोट सारखे बिघडलेले, जुलाब, वजन उतरलेले. मी जंतांचे औषध दिले, आमांशाचे दिले, पुन्हा दिले. माहेरी गेली की आठ दिवसांत बरी होई, सासरी आली की पुन्हा तेच. घरातील मंडळी म्हणू लागली की पोरीचे मन रमत नाही, कामाचा कंटाळा आहे. सासूबाई माझ्यासमोर म्हणाल्या, ‘आमी सारे तेच पानी पेतो, आमाले काई होत नाही. हिलेच कसं होते?’

या वाक्यातच रोगाचे निदान होते, ते मला उशिरा कळले. पाण्यात सल्फेट नावाचा क्षार, विशेषतः मॅग्नेशियमसोबत, फार झाला तर त्याचा परिणाम सौम्य जुलाबाच्या औषधासारखा होतो. जे लोक वर्षानुवर्षे ते पाणी पितात त्यांच्या आतड्याला त्याची सवय होते. नव्याने आलेला माणूस, मग तो पाहुणा असो, नवी सून असो वा बाहेरगावचा मजूर, त्याला मात्र ते बाधते. लहान बाळालाही बाधते.

त्या मार्चमध्ये मी स्वतः गेलो आणि तीन जागांचे पाणी घेतले. खाणीच्या वरच्या अंगाचे पाणी सल्फेटच्या दृष्टीने मर्यादेत निघाले. खाणीचे पाणी मिळते तेथले आणि गावच्या झिऱ्याचे पाणी मर्यादेच्या बरेच पुढे गेलेले होते. मग ऑगस्टचा अहवाल खोटा होता काय? मुळीच नाही. ऑगस्टमध्ये नाला दुथडी भरून वाहत होता, खाणीचे पाणी त्यात दहा-वीस पट पातळ होऊन गेले होते. मार्चमध्ये नाल्यात बहुतांश पाणी खाणीचेच होते. प्रयोगशाळा चुकली नव्हती. एका दिवसाच्या एका बाटलीवर वर्षभराचा दाखला देणारा मी चुकलो होतो.

आपण तापाच्या रुग्णाचा ताप एकदाच पाहून त्याला घरी पाठवत नाही. सकाळ-संध्याकाळ पाहतो, तक्त्यावर लिहितो, चढ-उतार पाहतो. नाल्याचेही तसेच करावे लागते.

खाणीतून पाण्यात काय येते?

कोळशाच्या व त्यालगतच्या खडकात पायराइट नावाचे, लोह व गंधक यांचे सोन्यासारखे चकाकणारे खनिज असते. जमिनीखाली असेपर्यंत ते निपचित असते. खाण खणली की त्याला हवा व पाणी लागते आणि त्यापासून गंधकाचे आम्ल आणि लोहाचे क्षार तयार होतात. हेच लोह पुढे नाल्याच्या दगडांवर भगव्या-पिवळ्या गाळाच्या रूपाने बसते.

मेघालयातील जैंतिया टेकड्यांच्या कोळशात गंधक फार. तेथील लुखा नदी २००७ च्या सुमारास हिवाळ्यात निळी दिसू लागली, मासे मेले. मेघालयाच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने खाणींतून झिरपणाऱ्या आम्लाकडे बोट दाखविले. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ च्या एप्रिलमध्ये तेथील उंदराच्या बिळासारख्या अरुंद खाणींवर बंदी घातली.

आपल्या वर्धा खोऱ्यातील कोळशात गंधक त्यामानाने कमी आहे. शिवाय वणी भागात चुनखडक विपुल आहे; राजूरच्या चुनाभट्ट्या सर्वांना ठाऊक आहेत. जेथे आम्लाची चुनखडकाशी गाठ पडते तेथे आम्ल मारले जाते. म्हणून आपल्याकडचे पाणी पुष्कळदा आंबट होत नाही. परंतु आम्ल मारले गेले तरी सल्फेट पाण्यातच राहते आणि खडकातील कॅल्शियम-मॅग्नेशियमही पाण्यात उतरून ते जड होते. म्हणून नुसता सामू, म्हणजे पाण्याची आम्लता किंवा अल्कता दाखविणारा आकडा, पाहून समाधान मानू नये. सामू ठीक असताना पाणी क्षारांनी भरलेले असू शकते.

दुसरी गोष्ट कोळशाची भुकटी व माती. खाणीतून काढलेल्या मातीचे डोंगर पहिल्या पावसात धुपतात. तिसरी गोष्ट नायट्रेट. सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असते, त्याचा न जळलेला अंश पाण्यात जातो. चौथी गोष्ट यंत्रे व डंपर धुतल्याचे तेल.

मात्र नाल्यातील प्रत्येक दोष खाणीच्या माथी मारू नये. नायट्रेट शेतातील युरियातून व उकिरड्यातूनही येते. आपल्या यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांत अनेक गावांच्या बोअरला फ्लोराइड असते. ते मूळ खडकातून येते. आणि त्या मार्चमध्ये मी घेतलेल्या तिन्ही बाटल्यांत विष्ठेतील जंतू निघाले, अगदी खाणीच्या वरच्या बाटलीतसुद्धा. ते जंतू आमचेच होते, खाणीचे नव्हते. हा फरक कळावा म्हणूनच तीन जागा लागतात.

तीन जागा, ठरलेले दिवस

पहिली जागा खाणीच्या वर, जेथे खाणीचा थेंबही पोचत नाही. दुसरी जागा खाणीचे पाणी मिळाल्यानंतर थोडी खाली, दोन्ही पाणी चांगले मिसळते तेथे. अगदी तोंडाशी नव्हे. तिसरी जागा गावाजवळ, जेथे माणसे व गुरे पाणी वापरतात. या जागांवर झाडाला किंवा खडकाला रंगाची खूण करावी, म्हणजे माणूस बदलला तरी जागा बदलत नाही.

वर्षातून निदान चार वेळा पूर्ण तपासणी व्हावी: फेब्रुवारी-मार्चमध्ये धार बारीक असताना, पहिल्या मोठ्या पावसानंतर, भर पावसाळ्यात आणि डिसेंबरच्या आसपास. मे महिन्यात वरची जागा कोरडी पडली तर वहीत ‘पाणी नाही’ असे लिहावे. तीही नोंदच आहे. वर पाणी नाही आणि खाली आहे, म्हणजे खाली काय वाहते हे वेगळे सांगायला नको.

बाटली कशी भरावी?

सर्वांत खालच्या जागेपासून सुरुवात करून वर जावे. आधी वर गेलात तर तुमच्या पायाने ढवळलेला गाळ खालच्या बाटलीत येईल. प्रवाहाकडे तोंड करून उभे राहावे, बाटली धारेच्या मध्यभागी, पृष्ठभागाखाली वीतभर बुडवावी. वरचा तवंग आणि तळचा गाळ दोन्ही टाळावेत. क्षारांच्या तपासणीसाठी स्वच्छ प्लॅस्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून काठोकाठ भरावी. रॉकेलची, औषधाची वा सरबताची बाटली चालत नाही.

जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती निर्जंतुक केलेली असते. ती विसळू नये, झाकणाच्या आत बोट लावू नये, बर्फात ठेवून शक्य तितक्या लवकर आणि काही झाले तरी २४ तासांच्या आत पोचवावी. धातूंची तपासणी हवी असल्यास तीही बाटली प्रयोगशाळेकडूनच मागावी, कारण तीत आम्ल घालावे लागते.

प्रत्येक बाटलीवर जागा, तारीख, वेळ, घेणाऱ्याचे नाव आणि मागील दोन दिवसांत पाऊस झाला होता की नाही, हे लिहावे. हे लिहिलेले नसेल तर ते नुसते बाटलीभर पाणी. त्याला नमुना म्हणता येत नाही. माझ्या टेबलावरच्या बाटलीचे हेच झाले.

घरच्या घरी काय पाहता येते?

महिन्यातून एकदा, ठरल्या तारखेला, पुढील गोष्टी शाळेतील मुलेही पाहू शकतात.

एक, सामूची कागदी पट्टी. पाण्यात बुडवून रंग ताडून पाहावा, तोही जागेवरच. घरी नेईपर्यंत आकडा बदलतो.

दोन, खिशात मावणारा टीडीएस मीटर. तो पाण्यात विरघळलेल्या एकूण क्षारांचा अंदाज देतो. कोणता क्षार आहे ते सांगत नाही, जंतू तर मुळीच दाखवत नाही. तरी तीन जागांची तुलना करण्यास तो उत्तम. समजा, वरच्या जागी ४०० आणि खालच्या जागी १,१०० आकडा आला, तर मधल्या पट्ट्यात काहीतरी मिळते आहे एवढे निश्चित. मग प्रयोगशाळेत कोणती तपासणी मागावी हे ठरविता येते.

तीन, गाळ. पारदर्शक बाटलीत लिटरभर पाणी रात्रभर हलवू न देता ठेवावे. सकाळी तळाशी बसलेला थर पट्टीने मोजावा, रंग लिहावा: काळा, पिवळा की भगवा.

चार, प्रवाह. नाल्याच्या सरळ भागात १० मीटर अंतर मोजावे, वाळके पान सोडावे आणि किती सेकंदांत पोचते ते पाहावे. समजा, १०० सेकंद लागले, नाला १ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर खोल आहे. तर ढोबळ मानाने सेकंदाला १० लिटर पाणी वाहते. आता दर लिटरमध्ये १०० मिलिग्रॅम गाळ असेल तर दिवसाला सुमारे ८६ किलो गाळ जातो, म्हणजे सिमेंटची पावणेदोन पोती. खाणीतून सोडलेल्या पाण्यात तरंगत्या गाळाची कमाल मर्यादा नेमकी लिटरमागे १०० मिलिग्रॅम आहे. नियमात बसणारे पाणीही नाला भरू शकते, हे यावरून कळावे.

पाच, जीवजंतू. धारेतील दगड उलटून पाहावे. दगडाखाली शेपटीला दोन-तीन केसांसारखे धागे असलेले चपळ किडे दिसले तर पाण्यात प्राणवायू बरा आहे. नुसत्या लाल अळ्या दिसल्या तर पाणी कुजलेले समजावे. काहीच नसेल आणि दगड भगव्या लेपाने माखलेला असेल तर लवकर प्रयोगशाळा गाठावी. बेडूक, शंख, मासोळी यांचीही नोंद ठेवावी. आणि गुरे पाण्याला तोंड लावतात की नाही, तेही लिहावे. त्या वृद्ध गृहस्थांची तपासणी माझ्या अहवालापेक्षा सरस होती.

अहवाल कसा वाचावा?

पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक २०१२ सालचे आहे. त्यात बहुतेक क्षारांना दोन मर्यादा दिल्या आहेत: एक इष्ट, आणि दुसरी, गावाला अन्य पाणीच नसेल तर चालवून घेण्याची. सामू ६.५ ते ८.५ असावा. पुढील आकडे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये आहेत. विरघळलेले क्षार ५००, अगदीच पर्याय नसल्यास २,०००. जडपणा २००, पर्याय नसल्यास ६००. सल्फेट २००, पर्याय नसल्यास ४००. फ्लोराइड १, पर्याय नसल्यास १.५. नायट्रेट ४५ आणि त्यात सूट नाही. विष्ठेतील जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही नसावा.

नायट्रेटची सूट का नाही? सहा महिन्यांच्या आतील बाळाला वरचे दूध अशा पाण्यात कालवून दिले तर त्याचे रक्त प्राणवायू नीट वाहू शकत नाही, बाळ निळे पडते. आणि येथे उकळणे उपयोगाचे नाही. उकळल्याने जंतू मरतात, पण क्षार जात नाहीत. पाणी आटले की उलट ते दाट होतात. ‘उकळून प्या’ हा माझा ऑगस्टमधला सल्ला जंतूंपुरता बरोबर आणि सल्फेटपुरता निरुपयोगी होता. तुरटीनेही गाळ बसतो, क्षार बसत नाही. ज्या पाण्यात क्षार जास्त, ते पिण्यासाठी सोडणे व दुसरे पाणी आणणे हाच साधा उपाय. बाळाला तर सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे. त्याला वरचे पाणीच लागत नाही.

वहीचे पुढे काय?

ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाण्याचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत पाठवितो. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावातील पाच महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षण देण्याची तरतूद झाली. मात्र त्यांचे लक्ष पिण्याच्या स्रोतावर असते. नाल्याची वही गावाने आपली आपण ठेवावी आणि ग्रामसभेत वाचून दाखवावी.

खाणीवरही बंधने आहेत. पर्यावरण मंजुरी मिळालेल्या खाणीने अटी कितपत पाळल्या याचा अहवाल दर सहा महिन्यांनी, १ जून व १ डिसेंबरला, द्यावयाचा असतो. २००६ च्या अधिसूचनेनुसार तो सार्वजनिक दस्तऐवज आहे. तो मागावा आणि त्यातील महिने आपल्या वहीशी ताडून पाहावे.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. आपण भरलेल्या बाटलीवर न्यायालयात खटला उभा राहत नाही. १९७४ च्या जलप्रदूषण कायद्यात त्यासाठी रीत घालून दिली आहे: मंडळाच्या अधिकाऱ्याने संबंधितांना सूचना देऊन नमुना घ्यायचा, त्याचे दोन भाग करायचे, मोहोर लावून सही करायची. मग आपल्या वहीचा उपयोग काय? त्या गावात हेच घडले. गावकऱ्यांनी दोन वर्षे वही ठेवली. शाळेच्या मुली दर महिन्याला टीडीएस मोजत. अधिकारी आले तेव्हा त्यांच्यासमोर तक्रारींचा गठ्ठा न ठेवता वही ठेवली. कोणत्या महिन्यात आकडा चढतो, कोणत्या जागी चढतो, हे पाहून त्यांनी नमुना त्या महिन्यात, त्या जागी घेतला. पावसाळ्यात येऊन गेले असते तर माझ्यासारखाच ‘ठीक आहे’ असा कागद घेऊन परतले असते.

झिऱ्याचे पाणी पिणे गावाने सोडले आणि वरच्या अंगाच्या विहिरीवरून नळ आणला. तिचे पाणी आधी दोन ऋतूंत तपासून घेतले. गाळाचा टाका उपसला जाऊ लागला. नाला अजून पूर्वीसारखा झालेला नाही. ती सून पुढे दोन मुलांची आई झाली. एकदा मुलाला खोकल्यासाठी घेऊन आली तेव्हा मी तिची क्षमा मागितली. ती म्हणाली, ‘तुमी पानी पाहाले आले ना, मंग झालं.’ सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण नातवाला त्यांनी आपल्या मांडीवर घेतले.

ज्या वाचकांनी बाटली पाठविली त्यांना विनंती, की ती परत न्यावी. येत्या महिन्यात तीन जागा ठरवून, तारीख-वेळ लिहून नव्या बाटल्या भराव्या आणि एक चाळीस पानी वही विकत घ्यावी. पहिल्या पानावर लिहावे: वर, मध्ये, खाली. बाकीची पाने नाला आपोआप भरील.